एका दाताची कबर आणि दुसरी राजधानी

बीड शहराच्या दक्षिणेस काही कोसांवर, माळरानातील एका उंचवट्यावर, एक जुनी वास्तू उभी आहे. तिच्यात कोणा संताचा वा सरदाराचा देह पुरलेला नाही. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याचा एक दात तिथे पुरला आहे, असे परंपरा सांगते, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात बसून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने तीच हकीकत नोंदवून ठेवली आहे. एका दातासाठी कबर बांधणारा राजा म्हटला की आपल्याला हसू येते. 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग तर आपल्या वृत्तपत्रांच्या आणि विधिमंडळाच्या भाषेत कायमचा रुजला आहे. कोणत्याही मंत्र्याचा कोणताही निर्णय आवडला नाही, की तो तुघलकी ठरतो. तथापि ज्या प्रवासात हा दात पडला त्याच प्रवासाच्या शेवटी या सुलतानाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी नगररचनेची योजना मागे घेतली, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. वाढत्या शहरांना पर्याय म्हणून दुसरी शहरे उभारण्याचा विचार आपल्याकडे पुनःपुन्हा होत असताना त्या योजनेच्या कर्त्याचे चरित्र हसण्यावारी न नेता एकदा नीट पाहणे अगत्याचे आहे.

महंमदाचे मूळ नाव जौना. बाप गाझी मलिक हा सरहद्दीवर मंगोलांशी झुंजून नावारूपास आलेला सेनानी. १३२० साली तो घियासुद्दीन तुघलक या नावाने दिल्लीच्या तख्तावर बसला आणि जौना हा उलुघखान या किताबाने युवराज झाला. पुढच्याच वर्षी त्याला वरंगळच्या काकतीयांवर पाठविण्यात आले. ती पहिली मोहीम फसली. सुलतान मरण पावल्याची अफवा छावणीत पसरली, सरदार फुटले आणि युवराजाला देवगिरीच्या आश्रयाला माघार घ्यावी लागली. कुमक मिळाल्यावर १३२३ साली त्याने वरंगळ जिंकले. पण पराभवाच्या त्या दिवसांत त्याला एक धडा मिळाला असावा. दिल्लीहून निरोप येईपर्यंत दख्खनेत होत्याचे नव्हते होऊन जाते, आणि अशा वेळी पाय टेकायला भरवशाची जागा म्हणजे देवगिरीचा किल्ला.

१३२५ साली अफगाणपूर येथे स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळून घियासुद्दीन मृत्यू पावला आणि जौना सुलतान झाला. या अपघाताविषयीचा संशय इतिहासकारांनी सहा शतके चघळला आहे. त्याचा निर्णय आज होणे नाही. नव्या सुलतानाच्या विद्वत्तेविषयी मात्र त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक, ज्योतिष आणि फारसी साहित्य यांत त्याची गती होती. त्याचे अक्षर सुंदर होते. मद्यापासून तो दूर राही. दानात त्याचा हात सढळ होता आणि शिक्षेतही तितकाच. त्याच्या दरबारी काही वर्षे काढलेल्या इब्न बतुता या मोरोक्कोच्या प्रवाशाने त्याच्या दाराशी एखादा याचक श्रीमंत होताना आणि एखाद्याचा शिरच्छेद होताना अशी दोन्ही दृश्ये एकाच लेखणीने रंगविली आहेत. बुद्धी आणि उतावीळपणा यांचे असे मिश्रण सत्तेच्या स्थानी आले म्हणजे काय घडते, हे पुढच्या सव्वीस वर्षांत दिसून आले.

दुसऱ्या राजधानीची कल्पना कशी निघाली, याची उत्तरे समकालीनांनी निरनिराळी दिली आहेत. दिल्लीचे लोक रात्री निनावी पत्रांतून सुलतानाला शिव्या देत, म्हणून त्याने सूड उगवला, असे इब्न बतुता म्हणतो. पण तो दिल्लीस पोहोचला १३३४ साली, म्हणजे घटनेनंतर सहा-सात वर्षांनी. त्याने लिहिले ते ऐकीव होते. सुलतानाच्या सहवासात सतरा वर्षे काढलेला झियाउद्दीन बरनी याने दिलेले कारण अधिक पटण्यासारखे आहे: देवगिरी साम्राज्याच्या मध्यावर पडत होती आणि तिथून चहूकडची अंतरे साधारण सारखी होती. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली धाड घातली आणि १३१८ साली यादवांचे राज्य पूर्णपणे खालसा झाले. त्यानंतर वरंगळ पडले, पार मदुरेपर्यंत दिल्लीचा अंमल गेला. एवढ्या प्रदेशाचा कारभार यमुनेच्या काठावरून चालविणे हे काम दिवसेंदिवस अवघड होत होते. त्यातच १३२६-२७ च्या सुमारास सुलतानाचा आप्त बहाउद्दीन गुर्शास्प याने सागर येथे बंड केले. ते मोडण्यासाठी सुलतान दक्षिणेत आला आणि १३२७ साली देवगिरीचे दौलताबाद झाले.

'राजधानी हलविली' असे आपण शाळेत शिकलो. वस्तुतः राजधानी हलली नाही, ती दुहेरी झाली. दिल्लीच्या टांकसाळीत नाणी पाडण्याचे काम थांबले नव्हते, आणि दौलताबादच्या नाण्यांवरही तख्तगाह हाच शब्द कोरला जात होता. दिल्ली ओस पडली, तिथे कुत्रे-मांजरही उरले नाही, हे बरनीचे वर्णन अतिशयोक्त आहे. १३२७ आणि १३२८ या सालांचे दिल्ली परिसरातील दोन संस्कृत शिलालेख उपलब्ध आहेत, आणि त्यांवरून तिथल्या हिंदू व्यापारी वस्तीचे व्यवहार सुरळीत चालू असल्याचे दिसते. हलविले गेले ते प्रामुख्याने दरबारी, उलेमा, सूफी, सैन्याचे अधिकारी आणि त्यांचे आश्रित. प्रथम राजमाता, राजपरिवार आणि खजिना रवाना झाला. नंतर शहरातील प्रतिष्ठितांची पाळी आली. त्यांची दिल्लीतील घरे सरकारने किंमत देऊन विकत घेतली. आजच्या भाषेत बोलायचे तर मोबदला दिला गेला होता. संमती मात्र घेतली गेली नव्हती.

योजनेचा तपशील पाहिला तर आधुनिक नगररचनाकारालाही कौतुक वाटावे. हिंदुस्थानातून परतलेल्या प्रवाशांकडून माहिती गोळा करणाऱ्या अल-उमरी या अरब ग्रंथकाराने नव्या शहराची मांडणी नोंदली आहे. सैनिकांचा एक भाग, वजीर व कारकुनांचा दुसरा, काझी आणि विद्वानांचा तिसरा, फकीर-शेखांचा चौथा, व्यापारी व कारागिरांचा पाचवा. प्रत्येक भागात स्वतंत्र मशिदी, बाजार, हमामखाने, पिठाच्या चक्क्या आणि भट्ट्या अशी योजना होती. एका भागातील माणसाला रोजच्या गरजेसाठी दुसऱ्या भागात जावे लागू नये, असा त्यामागचा हेतू. विसाव्या शतकात ज्याला आपण स्वयंपूर्ण विभाग म्हणू लागलो, ती कल्पना ही. दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता. त्याच्या दुतर्फा झाडे होती आणि वाटेत टप्प्याटप्प्याने मुक्कामाची व डाकेची ठाणी होती. कागदावर या योजनेत उणीव काढणे कठीण आहे.

उणीव कागदाबाहेर होती. इसामी हा कवी-इतिहासकार पुढे बहमनी दरबारी राहून १३५० च्या सुमारास आपला ग्रंथ लिहिता झाला. त्याचा नव्वदीचा आजोबा दिल्ली सोडून निघाला आणि पहिल्याच मुक्कामाला, तिलपत येथे, मरण पावला. इसामीचा सुलतानावरील राग पक्षपाती आहे हे खरे. परंतु ज्याच्या घरात असे मरण घडले त्याच्याकडून निःपक्षपाताची अपेक्षा कोणी करावी? उन्हाळ्यातल्या त्या वाटेवर किती वृद्ध आणि किती मुले दगावली याची गणती झाली नाही. ज्यांची घरे विकत घेतली त्यांच्या आईबापांच्या कबरी कोणी विकत घेऊ शकत नव्हता. शिवाय पाण्याचा प्रश्न होता. दौलताबादच्या भोवती मोठी नदी नाही. सुलतानाच्या स्वतःच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांची वाट तुडवून तिथे आणले जाई. राज्यकर्त्याला नव्या गावात जुन्या नदीचे पाणी मिळते आणि प्रजेला मात्र नव्या गावच्या विहिरीवर भागवावे लागते, हे दृश्य पुढील काळातही आपल्या परिचयाचे राहिले आहे.

तरीही काळ मिळता तर कदाचित हे शहर रुजले असते. पण सुलतानाच्या मनात एक योजना पुरी होण्याआधी दुसरी जन्म घेत असे. १३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी काढली आणि ती चांदीच्या टंकाच्या भावाने चालविण्याचा हुकूम केला. सरकारी पत हे नाण्याचे मोल, हा विचार आज सर्व जगाने स्वीकारला आहे. परंतु बनावट नाणी रोखण्याची व्यवस्था नसल्यामुळे घरोघरी टांकसाळी निघाल्या, आणि अखेर तांब्याच्या राशी घेऊन खजिन्यातून चांदी मोजून द्यावी लागली. खुरासानवर स्वारीसाठी मोठी फौज उभारली आणि विसर्जित केली. हिमालयाच्या कुशीत कराचिलवर पाठविलेले सैन्य बर्फ-पावसात नष्ट झाले. गंगा-यमुनेच्या दुआबात करवाढ झाली ती नेमकी दुष्काळाच्या तोंडावर. शेतकऱ्यांनी गंजी पेटवून दिल्या आणि रानांचा आश्रय घेतला. अल-उमरीच्या माहितीप्रमाणे दौलताबादचे बांधकामही सुलतानाने अपुरे टाकूनच उत्तरेकडे प्रयाण केले होते.

१३३४-३५ च्या सुमारास मदुरेच्या सुभेदाराने स्वातंत्र्य पुकारले. त्याला शासन करण्यासाठी सुलतान देवगिरीमार्गे तेलंगणात उतरला. वरंगळला पोहोचताच छावणीत साथ पसरली. सैन्याचा मोठा भाग मेला, सुलतान स्वतः आजारी पडला. मोहीम सोडून तो परत फिरला आणि त्या परतीच्या वाटेवर बीड लागले. इथे दाताच्या वेदनेने तो हैराण झाला, दात काढावा लागला आणि मोठ्या इतमामाने पुरला गेला. लोकसमजूत अशी की बीड हे नावही त्यानेच दिले. पाणी थोड्याच खोलीवर लागते हे पाहून अरबीतील विहिरीचा शब्द त्याने या गावाला लावला. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ज्या जिल्ह्यात पाण्याखातर इतके सोसावे लागते तिथे ती जपली गेली, हे अर्थपूर्ण आहे. बीडहून सुलतान गोदाकाठी पैठणला गेला, तिथे त्याच्यावर उपचार झाले, आणि पुढे दौलताबादला आल्यावर त्याने फर्मान काढले. दिल्लीहून आणलेल्यांपैकी ज्यांना परत जायचे असेल त्यांनी जावे.

या फर्मानाला आपल्या पाठ्यपुस्तकांत वेडेपणाचा दुसरा अंक मानले जाते. वास्तविक सुलतानाच्या कारकिर्दीत लोकांना निवडीचे स्वातंत्र्य देणारे असे हुकूम विरळाच. बरनी सांगतो की दोन-तीन काफिले उत्तरेकडे निघाले. परंतु ज्यांना मराठ्यांचा मुलूख मानवला होता ते बायकामुलांसह इथेच राहिले. मला या चरित्रातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. सक्तीने आणलेल्या शहराला संमतीचे नागरिक मिळाले ते सक्ती उठल्यावर. आठ वर्षांपूर्वी हाच पर्याय दिला गेला असता, आधी पाणी आणि बाजार उभे राहिले असते आणि माणसांना मागून येऊ दिले असते, तर दौलताबादचा इतिहास वेगळा झाला असता असे मानण्यास जागा आहे.

पुढची पंधरा-सोळा वर्षे पडझडीची आहेत. पण त्यांतही या माणसाचे दुसरे रूप डोकावते. उत्तरेत वर्षानुवर्षे दुष्काळ चालला तेव्हा त्याने कनोजजवळ गंगेच्या काठी एक वस्ती उभारली, तिला स्वर्गद्वारी हे नाव दिले आणि दिल्लीच्या भुकेल्या लोकांना तिथे जाण्याची मुभा दिली. अवधमधून तिथे धान्य येत राहिले. दिल्लीवरील ताण हलका करणारी ती खरीखुरी दुसरी वस्ती होती आणि तिने माणसे जगविली, कारण तिथे जाणाऱ्याला अन्न दिसत होते. शेतीसाठी त्याने स्वतंत्र खाते काढले, पडीत जमीन लागवडीला आणण्यासाठी लाखो टंक तगाई वाटली. त्यातील बहुतेक रक्कम मधल्या मंडळींनी गिळली. विरोधाला त्याच्याजवळ तलवारीवाचून उत्तर नव्हते. १३३६ साली तुंगभद्रेकाठी विजयनगर उभे राहिले. १३४५ नंतर गुजरात आणि दख्खनेतील अमीर उठले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन गंगू हा अल्लाउद्दीन बहमनशाह या नावाने राज्यावर बसला, तो त्याच दौलताबादेत. साम्राज्य सांभाळण्यासाठी वसविलेल्या शहरानेच साम्राज्याचा दक्षिण भाग वेगळा केला. २० मार्च १३५१ रोजी, सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ एका बंडखोराचा पाठलाग करीत असताना, महंमद तुघलक तापाने मरण पावला.

मग त्या योजनेतून उरले काय? खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि अमीर हसन सिजझी यांच्या समाधी आहेत. हे दोघेही दिल्लीच्या त्या स्थलांतराबरोबर आलेले. पुढे गुलबर्ग्यास स्थिरावलेले ख्वाजा बंदेनवाज याच लाटेत बालपणी आपल्या पित्याबरोबर दौलताबादला आले होते. उत्तरेची बोली मराठी, तेलुगू आणि कानडीच्या शेजारी राहून दख्खनी झाली. बीड-परभणीच्या बाजारपेठांतून आजही ती ऐकू येते. आणि दौलताबादपासून जवळच, सुमारे १६१० साली, मलिक अंबराने खडकी वसविली तेव्हा त्याने डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. ते शहर वाढले, औरंगाबाद झाले, आज छत्रपती संभाजीनगर आहे. एका पिढीत जे हुकमाने साधले नाही ते पावणेतीनशे वर्षांनंतर नळाने साधले.

आपल्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच नवी मुंबईचे. मुंबईची कोंडी फोडण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर व्हावे, असा आग्रह चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली धरला. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही उद्योगांच्या विकेंद्रीकरणाची दिशा दाखविली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि वीस लाख वस्तीच्या शहराचा संकल्प सोडण्यात आला. राज्याचे शासनच खाडीपलीकडे न्यावे, म्हणजे माणसे आपोआप जातील, ही या कल्पनेची मूळ गुरुकिल्ली होती. मंत्रालय मात्र जागचे हलले नाही. सुलतानाने सरकार आधी नेले आणि लोकांना फरफटत नेले. आपण लोकांना जाण्यास सांगितले आणि सरकार समुद्रकिनाऱ्यावरच ठेवले. वाशीला रेल्वे पोहोचली ती १९९२ साली. तोवर ज्या आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर हे शहर उठत होते, त्यांना मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले आणि १९८४ साली जासईच्या आंदोलनात गोळ्या झेलाव्या लागल्या. कालांतराने शहर भरले, याचे श्रेय स्थलांतरित बाजारपेठा, पूल, रेल्वे आणि पाणी यांना आहे. मुंबईची गर्दी मात्र त्यामुळे कमी झाली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

बीडच्या माणसाला हा प्रश्न दुरून पाहता येत नाही. दिवाळी उरकली की या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे उसाच्या फडाकडे निघतात. मुकादमाची उचल अंगावर, बैलगाडीत वा ट्रकमध्ये संसार, मागे गावात म्हातारी माणसे आणि कुलपे. त्यांना कोणा सुलतानाचे फर्मान निघालेले नसते. कोरडे शेत आणि कर्ज हेच त्यांचे फर्मान. हंगाम संपल्यावर यांतले काही परततात, काही पुण्या-मुंबईच्या झोपडपट्ट्यांत विसावतात आणि मग महानगरांच्या कोंडीची चर्चा सुरू होते. कोंडी तिथे दिसते, तिचा उगम इथे आहे. महानगराला जुळे शहर जोडल्याने हा उगम आटणार नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव यांसारख्या गावांत पाणी, रोजगार, इस्पितळ आणि चांगले महाविद्यालय असेल, तर माणसाला आपला पर्याय आपल्या जिल्ह्यातच मिळेल. बीड शहराला आगगाडी मिळायला २०२५ साल उजाडावे लागले, यावरून आपल्या नियोजनाची प्राधान्ये स्पष्ट होतात.

महंमद तुघलकाची कल्पना मूर्खपणाची नव्हती. त्याचा गुन्हा असा की ज्यांच्यासाठी शहर बांधायचे त्यांना त्याने विचारले नाही, पाण्याआधी माणसे नेली आणि झाड रुजण्यापूर्वी ते उपटून पाहिले. यापैकी पहिल्या दोन चुका लोकशाहीतही सहज होतात. किंबहुना त्या झाकण्यासाठी लोकशाहीत अहवाल असतात. नियोजनकारांनी कधी सवड काढून बीडच्या त्या माळावर जावे. तिथून निघालेला आजारी राजा काही मुक्कामांनंतर आपले फर्मान मागे घेण्याइतका शहाणा झाला होता. शहाणपण यायला त्याला आठ वर्षे आणि अगणित माणसे खर्ची घालावी लागली. आपल्याला तेवढी किंमत मोजण्याचे कारण नाही, कारण ती एकदा मोजून झाली आहे.